कोरल आंटीची आठवी

कोरल इंग्रमने हायस्कूलच्या कॅन्टीनमध्ये आयुष्यभर पोरांना खिमा भरलेले मीट पाय गरम करून दिले. गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातचं खाऊन मोठ्या झाल्या. मरम्बिजी नदीकाठच्या त्या शाळेत आठवीला विराजुरी, म्हणजे कोरलच्या आदिवासी लोकांची भाषा शिकवायचं ठरलं, तेव्हा विद्यापीठात ती भाषा शिकून शाळेत बाई म्हणून आलेली तिची भाची टालिया आधी तिच्याकडेच गेली.

"आंटी, तू नुसती वर्गात बस. आपलं थोरलं माणूस समोर असलं की पोरांना बरं वाटतं."

कोरल ठेवणीतलं जॅकेट घालून गेली. पहिल्याच तासाला किरा नावाच्या मुलीने विचारलं, "आंटी, पाण्याला आपल्यात काय म्हणतात?"

कोरल हसली, खोकली, खिडकीबाहेर बघू लागली. तिला येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती गुडघ्याचं निमित्त करून घरीच राहिली. त्याच्या पुढच्याही. शेवटी टालिया दारात येऊन उभी राहिली.

"कुठला गुडघा दुखतोय?"

"दोन्ही." मग कोरलने खरं सांगून टाकलं. "मला एक शब्द येत नाही गं. आजी आपल्या भाषेत बोलायला लागली की आई दार लावून घ्यायची. सरकारी माणसं आपल्या मिशनच्या वस्तीवर यायची, काहीतरी खुसपट काढून पोरं उचलून न्यायची. आईने आम्हाला नुसत्या इंग्रजीवर वाढवलं. मी कसली थोरली?"

टालियाने तिचा हात धरला. "मग थोरली म्हणून नको येऊस. आठवीत ये."

आणि कोरल खरंच किराशेजारी बाकावर जाऊन बसली. आरंभी पोरं बिचकली. मग तीच तिला शिकवू लागली.

"आंटी, जीभ दातांना लाव! दातांना!"

"दात घरी विसरलेत, बाळा."

सगळा वर्ग खिदळला. त्या दिवशी टालियाने गृहपाठ दिला: घरातल्या माणसाशी विराजुरीत बोलून यायचं. कोरल एकटीच राहायची. म्हणून ती वृद्धाश्रमात थोरल्या भावाकडे, क्लॅरीकडे गेली. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तो फारसा बोलत नसे. ती त्याला संत्रं सोलून देई आणि एकटीच बडबडे.

फोड त्याच्या हातात देत ती लाजत म्हणाली, "यामान्धू मारांग, गागांग?" म्हणजे, बरा आहेस ना, दादा?

क्लॅरी चघळायचा थांबला. मग हळूच म्हणाला, "ङावा." म्हणजे हो. आणि त्यामागून एक लांबलचक वाक्य आलं, त्यातलं तिला काहीच कळलं नाही.

"क्लॅरी! तुला येतं?"

"आजीने... शिकवलं. मासे धरताना."

"मग मला कधी का नाही सांगितलंस?"

त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. "आईला वचन दिलं होतं. तुझ्यासमोर नाही. तू तोंडाळ. कुणापुढेही बोलली असतीस... नेलं असतं तुला."

"अरे म्हाताऱ्या, आई जाऊन जमाना झाला!"

"वचन ते वचन," क्लॅरी म्हणाला, आणि दोघंही रडली.

वसंतात टालियाने अख्खा वर्ग नदीवर नेला. चाकाच्या खुर्चीत क्लॅरीही होता. तो बोट दाखवे, शब्द उच्चारे, पोरं त्याच्यामागून म्हणत. चुकलं की तो खुर्चीचा हात थोपटून पुन्हा म्हणायला लावी. टालिया तर पोरांपेक्षा मोठ्याने म्हणत होती. परतताना त्याने कोरलच्या हातावर हात ठेवून तिला "मिन्ही" म्हटलं. धाकटी बहीण. त्या नावाने तिला आजवर कुणी हाक मारली नव्हती. वाटेत भेटेल त्याला ती तो शब्द सांगत सुटली. तोंडाळ कोरल!

क्लॅरी पुढच्या हिवाळ्यात गेला. तोवर दर आठवड्याला दोन-चार पोरं कोरलबरोबर त्याच्याकडे जात, त्याची संत्री खात आणि त्याचं बोलणं ऐकत.

मातीच्या वेळी कोरलने निरोपाचे शब्द विराजुरीत म्हटले. मध्येच ती अडखळली. मागून किराने हळू आवाजात पुढचा शब्द सांगितला. कोरलने तो उचलला, आणि भावाला अखेरपर्यंत पोहोचवलं.