काचेवरचा भंडारा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, एका लॉरीचे मालक होते, पण त्यांना मोटर लागायची. पेट्रोलचा वास नाकात गेला की उलटीचं पाणी तोंडात यायचं, आणि निपाणीची वेस ओलांडायच्या आत गाडी थांबवावी लागायची. त्यामुळे आपली लॉरी बेळगावला जाऊन काय करते, हे त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. चालवायचो मी. मालक घरात आणि लॉरी रस्त्यावर, अशा त्या कारभारात संशयाला ऐसपैस जागा होती.

लॉरी लहान होती. पुढे दोघांची बैठक, मागे उघडा हौदा. दाजींच्या वखारीतले तंबाखूचे बोद, म्हणजे गोणपाटात शिवलेले मोठे गठ्ठे, हौद्यात रचायचे, तवंदी घाट चढून बेळगावच्या स्टेशनावर उतरवायचे आणि रिकामं परत यायचं. लढाई संपली होती, पण पेट्रोल अजून कुपनावरच मिळायचं आणि काळ्या बाजारात कॅनभर पेट्रोलला मागाल तो भाव होता. त्यात आमच्या गाडीच्या बोर्डावरचे सगळे काटे केव्हाच मेलेले. टाकीत किती पेट्रोल आहे ते मी काठी बुडवून पाहायचो आणि ओल कुठवर आली ते दाजींना सांगायचो.

"काठी तुझी, बुडवणारा तू, वाचणारा बी तूच," दाजी म्हणायचे. "पावणं, एक इचारू? पेट्रोल गाडी पितीया का तुमी?"

हे ते हसत म्हणायचे, पण चार माणसांत म्हणायचे. आक्का त्या वेळी आत चुलीपाशी असायची आणि तिच्या भांड्यांचा आवाज बंद व्हायचा. मी थेंबभरही पेट्रोल विकलेलं नव्हतं. पण आपण केलं नाही हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि हळूहळू मला आपलंच बोलणं खोटं वाटू लागलं होतं.

बेळगावच्या कॅम्पात तेव्हा लष्कराच्या मोडीत काढलेल्या गाड्या सुट्या करून विकल्या जात होत्या. तिथल्या एका दुकानात मला अख्खा बोर्ड दिसला, आमच्याच गाडीच्या कंपनीचा. वेगाचा काटा, त्याच्या पोटात मैलांचे फिरते आकडे. शिवाय पेट्रोलचा, पाण्याच्या उष्णतेचा, विजेचा आणि तेलाच्या दाबाचा काटा. काचा स्वच्छ. मला वाटलं, हाच आपला साक्षीदार.

दाजींना सांगितलं, "गाडी किती मैल पळाली ते आता मीटर सांगंल. रस्त्याचे मैल ठरल्यात. पेट्रोल इकाया वाट वाकडी केली तर मैल वाढतील. जास्त आले तर मला धरा."

"मीटर मला सांगंल, ते खरं," दाजी म्हणाले. "पर त्याच्या आदी तू मीटरला काय सांगशील?"

मला राहवलं नाही. मी तसाच देवघरात गेलो आणि बेल-भंडारा उचलला. खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान तळहातावर घेऊन बोललेला शब्द मागे घेता येत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी म्हणालो, "मीटर म्हणंल ते खरं. आकडा जास्त आला तर मी चोर."

दाजी गंभीर झाले. म्हणाले, "मग माझं बी ऐक. आकडा जास्त आला तर चावी ठिवायची, आन् पुन्हा ह्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई. आणि तुझी आक्का माहेरला जायाची न्हाई."

आक्का दारात उभी होती. तिच्यासाठीसुद्धा ही अट आहे, हे मला शपथ घेऊन झाल्यावर कळलं.

बोर्ड बसला त्या दिवशी दाजींनी भंडाऱ्यात अंगठा बुडवला आणि मीटरच्या काचेवर पिवळी रेघ ओढली. वखारीतले हमाल गोळा झाले होते. एक जण वाकून पाहत म्हणाला, "पाच-पाच घड्याळं बसवल्यात, आन् वेळ एकात बी न्हाई!"

पहिल्या खेपेहून परतलो तेव्हा दाजी अंगणातच उभे होते. नाकाला उपरण्याचा बोळा लावून ते आत डोकावले. आकडे पाठ करायची त्यांना सवय होती. क्षणात हिशेब झाला. रस्त्याच्या मैलांपेक्षा आकडा बराच जास्त होता.

"दाजी, मीटर जरा जास्त पळतंय वाटतं."

"मीटर कुठं पळतंय? ते तर बोर्डाला खिळल्यालं हाय. पळतोस तू." मग आवाज उतरवून म्हणाले, "पयली खेप हाय. रस्ता चुकला आसशील. ह्या खेपंला सोडलं. दुसऱ्यांदा न्हाई."

आक्कानं त्या दिवशी मला जेवायला वाढलं, पण "आणखी घे" म्हणाली नाही. त्याचा अर्थ मी रस्ताभर लावत राहिलो.

पुढच्या खेपेला मी मैलाचे दगड पाहत निघालो. दगड यायच्या आतच मीटरवरचा मैल उलटत होता. बेळगावपर्यंत पाच-सहा मैलांचा फरक पडत असणार. मीटर खोटं होतं, यात शंका नव्हती. पण सांगू कुणाला? ज्याला मी बेल-भंडारा उचलून खरं म्हटलं, त्यालाच खोटं म्हणायचं? दाजी म्हणाले असते, चोर पकडला गेला की साक्षीदार फिरवतो. दगडांशी ताडून दाखवायचं तर दाजी गाडीत बसणार नाहीत. कॅम्पातल्या दुकानदाराचा मला संशय आला. मग खुद्द दाजींचाच आला. माझ्या नकळत त्यांनीच कुणाकडून मीटर बिघडवून घेतलं असेल का? मला काढायचं असेल तर यापेक्षा सोपी वाट कोणती? ज्यांच्या घरात माझी बहीण नांदत होती, त्यांच्याबद्दल मी हे मनात आणलं.

काकतीच्या अलीकडे मी गाडी थांबवली. बोर्डाच्या पाठीमागे हात घातला आणि मीटरला फिरवणारी तार जिथे जोडलेली होती तिथला नट सैल केला. आकडे थांबले. तसाच बेळगावला गेलो, माल उतरवला, परत येताना त्याच जागी नट आवळला. निपाणीला पोहोचलो तेव्हा आकडा रस्त्याच्या मैलांना बरोबर मिळाला.

दाजींनी पाहिलं. माझ्या पाठीवर थाप मारली. "बग, मीटर बसलं आन् गाडी सुदारली!"

त्या थापेनं मला लाजच वाटली. खरं होतं तेच सिद्ध करायला मी खोटा आकडा तयार केला होता, आणि त्या आकड्यावर भंडाऱ्याची रेघ होती. त्यानंतर प्रत्येक खेपेला काकतीपाशी मी इकडेतिकडे पाहत थांबायचो. बांधावरची बाई, सायकलवरचा मास्तर, हौद्यात पोत्यावर बसलेला हमाल, प्रत्येक जण दाजींना जाऊन सांगणार असं वाटायचं. हमालानं एकदा विचारलंही, "हितं रोज काय पडतंय तुमचं?" मी लघवीचा बहाणा केला. चोरी न करता मी पुरता चोरासारखा वागू लागलो होतो.

ज्या नटाकडे माझा हात जायचा, त्याच्या शेजारून तांब्याची एक बारीक नळी जात होती. इंजिनातलं तेल थेट तिच्यातून तेलाच्या काट्यापर्यंत यायचं. प्रत्येक वेळी माझ्या मनगटाने ती ढकलली जायची, आणि पत्र्याच्या भोकातून जिथे ती इंजिनाकडे जाई तिथे भोकाच्या कडेला घासायची. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

एका सकाळी भरल्या गाडीनं तवंदी घाट चढत असताना तेलाचा काटा खाली आला. आधी थरथरला, मग हळूच झोपला. मी तो पाहिला. काचेवर बोटानं टकटक केलं. तो उठला नाही. मनात म्हणालो, तूही त्याच बोर्डावरचा. एक भाऊ खोटा, दुसरा कसा खरा असेल? आणि पाय दाबून गाडी चढवत राहिलो.

वळणावर इंजिनातून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागीच आवळली. इंजिन फिरवायचं हँडल पुढून घातलं, ते फिरेना. खाली उतरून पाहिलं तर मागच्या रस्त्यावर काळ्या तेलाची लांब रेघ होती.

हमाल निपाणीला चालत गेला. दुपारी दाजी आले, बैलगाडीतून. बरोबर एक मिस्त्री, माल हलवायला गाड्या आणि लॉरी ओढायला बैलांच्या दोन जोड्या. बोद उतरवून होईपर्यंत मिस्त्री बोर्डाखाली डोकं घालून उताणा पडला होता. आतूनच दाजींना म्हणाला, "तेलाची नळी घासून चिरलीया. आन् अण्णा, हे बगा. समदे नट मळल्यात, ह्यो एकच चकाकतोय. ह्यो रोज कोणतरी सोडतंय."

"कशाचा नट त्यो?"

"मैलाच्या ताराचा."

दाजी माझ्याकडे वळले. "कोण सोडतंय?"

"मी."

मग मी सगळं सांगितलं. मीटर जास्त पळतं, काकतीपाशी मी तार सोडतो, पेट्रोल एक थेंब विकलेलं नाही. बोलताना मलाच ते ऐकवत नव्हतं, इतकं ते चोराच्या बोलण्यासारखं वाटत होतं.

"झालं?" दाजी म्हणाले. "चावी दे."

मी चावी दिली. सुकाणू धरायला आणि उतारावर ब्रेक दाबायला मात्र मीच हवा होतो. साखळदंड बांधला, बैल जुंपले. इंजिन मेलेलं, पेट्रोलचा वास नाही, म्हणून दाजी जन्मात पहिल्यांदा निवांत माझ्या शेजारी बसले. कदाचित मी वाटेत पळून जाईन असंही त्यांना वाटलं असेल. गाडी बैलांच्या चालीनं निपाणीकडे निघाली. चाकं फिरत होती, म्हणून मीटरही फिरत होतं. त्या दिवशी काकती आलीच नव्हती, तार जोडलेलीच होती.

मी म्हणालो, "दाजी, दगड आला. आकडा बगा." त्यांनी वाकून आकडा पाठ केला. पुढचा मैल सरायला फार वेळ लागला. बैल शेपट्या हलवत चालले होते. मीटरवरचा मैल पुरा झाला, उलटला, मैलाचा दहावा भाग दाखवणारा शेवटचा लाल आकडाही एक घर पुढे सरकला, तेव्हा कुठे पुढचा दगड दिसू लागला.

"थांबवा रं," दाजी ओरडले. खाली उतरून ते दगडापाशी गेले आणि पायाने त्याला ढकलून पाहिलं. "कुणी हलीवला तर न्हाई ह्यो?"

बैलवाला म्हणाला, "सरकारी दगुड कोण हलीवतंय अण्णा? आमाला आमचीच जोडी हालंना."

तिसऱ्या दगडाला तेच झालं. दाजींनी चावी काढून माझ्या मांडीवर ठेवली. मिस्त्री मागून चालत येत होता. तो म्हणाला, "दुसऱ्या मापाच्या चाकाच्या गाडीचं मीटर आसंल. तुमच्या गाडीला ते जास्तच दावणार."

वेस जवळ आली तेव्हा दाजींनी विचारलं, "आन् तेलाचा काटा? त्यानं तरी दावलं आसंल की तेल चाललंय म्हणून?"

मला खरं सांगता आलं असतं. चावी मांडीवर होती. नुकताच मी चोरातून माणूस झालो होतो, आणि इंजिन माझ्यामुळे गेलं हे सांगून परत मागे जायचं धाडस मला झालं नाही.

"न्हाई दाजी. त्यो बी खोटाच."

"मग काढा त्यो बोर्ड आन् घाला उकिरड्यात," आमचं बोलणं ऐकत आता बाजूनं चालणाऱ्या मिस्त्रीला दाजी म्हणाले.

अंगणात शिरताच दाजी मोठ्याने म्हणाले, "आगं, तुझा भाऊ चोर न्हाई. मीटर चोर!" आणि पाय धुवायला मागच्या दारी गेले. मिस्त्रीनं बोर्ड उपटून हातात घेतला. आक्का पुढे आली. "थांबा. त्याच्यावर भंडारा हाय. त्यो टाकू नगा." तिनं काचेवरची वाळलेली रेघ ओल्या बोटानं पुसून घेतली आणि तेच बोट माझ्या कपाळाला लावलं. "मला ठावं होतं रं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

तिच्या मागे मिस्त्री उभा होता. त्यानं सहज तेलाच्या काट्याची तुटकी नळी तोंडाला लावली आणि फुंकर मारली. काटा किंचित उठला. त्यानं पुन्हा फुंकलं. पुन्हा उठला. मग त्यानं माझ्याकडे, माझ्या कपाळाकडे पाहिलं.

"ह्यो मी नेऊ का?"

"ने," मी म्हणालो.

पुढे इंजिन नवं केलं, बोर्डाच्या भोकावर फळी ठोकली, आणि मी आणखी बरीच वर्षं ती लॉरी चालवली. बाजारात तो मिस्त्री समोरून दिसला की मी गल्ली बदलत असे. दाजींनी मात्र मला पुन्हा कधीच काही विचारलं नाही. तरी रोज परत आल्यावर मी टाकीत काठी बुडवायचो आणि ओल कुठवर आहे ते अंगणातून मोठ्याने सांगायचो.

"कुणी इचारलंय का तुला?" दाजी आतून म्हणायचे.