दोराचे दोन हिसके

आधीच सांगतो, भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदराचा मी वाचकसुद्धा नाही. माझी बायको संगीता वाचते आणि मी तिला चिडवतो, "काय मग, आज कोणतं भूत भेटलं?" आमच्या नागपूरच्या घरात नवस नव्हते, गंडेदोरे नव्हते, अमावास्येची भीती नव्हती. बौद्ध घर, वडील शाळामास्तर. शेजारच्या बाईच्या अंगात आलं की वडील तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगायचे, "हिला आधी पोटभर जेवू घाल आणि दोन दिवस झोपू दे, अंगातलं आपोआप जाईल." मी त्यांचाच मुलगा. तेव्हा "पाण्याला करंट असेल" असं खाली लिहायला ज्यांची बोटं शिवशिवतायत त्यांना हात जोडून विनंती — तो विचार मी तुमच्या कितीतरी आधी करून बसलोय.

गोष्ट सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरमधली. आम्ही अमेरिकेत फ्रीमाँटला राहायचो. माझ्या ऑफिसात टेस्टिंगमध्ये गेनाडी नावाचा रशियन होता, आम्ही सगळे त्याला गेना म्हणायचो. पन्नाशी उलटलेली, मान जवळजवळ नाहीच, आणि हात असे की कीबोर्डची दोन बटणं एकदम दाबली जायची. तरुणपणी काळ्या समुद्रावर नौदलात पाणबुड्या होता, म्हणजे पाण्याखाली उतरणारा माणूस. देश फुटल्यावर बायको नीनाला घेऊन इकडे आला. येताना लोक फोटो आणतात, दागिने आणतात. यानं एका पेटीत भरून जुनं डायव्हिंगचं सामान आणलं.

ते सामान आजच्यासारखं नव्हतं. दोन जाड रबरी नळ्या मानेच्या दोन्ही बाजूंनी तोंडाशी यायच्या, एकीतून श्वास आत, दुसरीतून बाहेर. पाठीवर पोलादी जोडसिलिंडर. त्यांच्यावर अमेरिकन शिक्का नाही म्हणून इथलं एकही दुकान ते भरून देत नसे. ते काम रूबेन करायचा. रूबेन मेक्सिकोचा, बोटींच्या इंजिनांचा मेकॅनिक. त्याच्या गॅरेजमध्ये स्वतःचा कॉम्प्रेसर होता, आणि सोळा फुटांची एक बोटही. शनिवारी गेनाच्या गॅरेजमध्ये आम्ही तिघं जमायचो. गेना रबराला टाल्कम पावडर चोळत बसायचा, नीना काळा चहा आणि काकडीचं लोणचं आणून द्यायची. नागपूरचा, मेक्सिकोचा आणि रशियाचा, तिघांचंही इंग्रजी दिव्य. पण आमचं मस्त जमायचं.

मला पोहायला त्यानंच लावलं, पाण्याखालीही त्यानंच नेलं. शहाण्णव साली माझे वडील गेले तेव्हा माझी व्हिसा-ट्रान्सफर अडकलेली होती. इथून निघालो तर परत येता येणार नव्हतं, म्हणून अंत्यविधीला गेलो नाही. हे मी कधीच कोणाला नीट सांगितलेलं नाही, कारण लाज वाटते. गेना दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. गाडीत घालून मॉन्टरेच्या समुद्रावर नेलं. पाण्यात उतरताना म्हणाला, "खाली जाऊन रड, मिलिंत. मास्क आधीच ओला असतो." माझं नाव मिलिंद, पण त्याच्या तोंडी शेवटचा द कधी आला नाही. मी खरंच खाली जाऊन रडलो. तो शेजारी माझा खांदा धरून होता.

आता दोराची गोष्ट. ती नीट कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अमेरिकन लोक पाण्यात जोडीनं उतरतात. गेनाला ते पटायचं नाही. "दोन आंधळे एकमेकांना शोधतात," म्हणायचा. त्याची पद्धत नौदलातली. एक जण खाली, कमरेला दोर बांधलेला. दुसरा वर, हातात दोर धरून. वरच्यानं एक हिसका द्यायचा, म्हणजे "कसं वाटतंय?" खालच्यानं एक हिसका द्यायचा, म्हणजे "ठीक आहे." दोन हिसके म्हणजे "हवा कमी पडतेय." वरून तीन म्हणजे "वर ये." आणि विचारल्यावर उत्तर द्यायचंच. उत्तर आलं नाही तर वरच्यानं काही विचार न करता ओढायला लागायचं.

आता आपण मराठी माणसं एकदा 'हो' म्हणतो का? आपण 'हो हो' म्हणतो. एकच 'हो' म्हटलं की समोरच्याला वाटतं आपण रागावलोय. संगीता तर म्हणते, तू झोपेतही दोनदा हो म्हणतोस. पहिल्यांदा मी दोरावर खाली गेलो, वरून हिसका आला, आणि मी सवयीनं दोन दिले — हो हो. पुढच्या क्षणी त्या राक्षसानं मला पोत्यासारखं वर खेचलं. बोटीत येऊन पाहतो तर गेना पांढराफटक. मी कारण सांगितलं तेव्हा आधी शिव्या घातल्या, मग तो आणि रूबेन पोट धरून हसले. त्यानंतर तो आमचा पेटंट जोक झाला. गॅरेजमध्ये कोणी काही विचारलं की तिघंही म्हणणार, "हो हो!"

आणि पुढे पुढे गेना स्वतःही खालून कधीकधी मला दोन हिसके द्यायला लागला. दोर फक्त माझ्या हातात असला तरच. आखूड, भराभर, हो हो. रूबेनच्या हातात दोर असला तर कधीच नाही. मी वर एकटाच हसायचो. शिस्तीच्या त्या माणसाची ती एवढीच चूक, आणि ती त्यानं माझ्यावरच्या मायेनं केली.

त्या रविवारी आम्ही सिएरा पर्वताच्या पायथ्याशी एका धरणाच्या तलावावर गेलो. धरण बांधताना खालची झाडं न तोडताच पाणी भरलेलं, त्यामुळे तळाशी अख्खं जंगल उभं. मला सर्दी होती, कानांचे दडे सुटत नव्हते, म्हणून मी वर थांबलो. गेना आधी जाणार होता, मग रूबेन. सकाळचे दहा वाजून गेले होते, ऊन होतं, पण वारा सुटलेला. पाण्यावर बारीक लाटा होत्या आणि त्यात गेनाचे बुडबुडे दिसत नव्हते. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, कारण दोर हातात होता.

तो उतरला. दोन मिनिटांनी मी विचारलं, एक हिसका आला. चार मिनिटांनी पुन्हा एक. सहाव्या मिनिटाला विचारलं आणि दोन आले. आखूड. भराभर.

मी हसलो. रूबेनला म्हणालो, "हो हो आलं बघ!" तोही हसला आणि सिलिंडरला स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे श्वासाची नळी, जोडत बसला.

आठव्या मिनिटाला विचारलं, एक आला. दहाव्या, बाराव्या, चौदाव्या… दर वेळी एक. मी विचारायचो, श्वास घ्यावा इतका वेळ जायचा आणि उत्तर यायचं. स्वच्छ, ठाम, नेहमीसारखं. एकदाही उशीर नाही. एकदाही चूक नाही. तीस मिनिटं झाल्यावर मी तीन हिसके दिले, वर ये. उत्तर आलं, एक, ठीक आहे. पण गेना आला नाही. पुन्हा तीन दिले. पुन्हा एक आला. मग मी ओढायला लागलो आणि दोर जागचा हलेना.

रूबेनचं सामान तयार होतं. तो तसाच उतरला.

सात-आठ मिनिटांनी तो गेनाला घेऊन वर आला. गेनाचा चेहरा कसा होता ते मी लिहिणार नाही. आम्ही त्याला बोटीत घेतलं, रूबेन छाती दाबायला लागला, मी तोंडानं श्वास देत होतो. त्याही परिस्थितीत धापा टाकत रूबेन म्हणाला, "दोर झाडाला होता."

"अडकला होता?"

"अडकला नव्हता. गुंडाळलेला होता. पाच-सहा वेढे, एकाशेजारी एक, धक्क्यावर बोट बांधतात तसे. गेना त्याच्या खाली होता, त्याच्या बाजूचा दोर ढिला. मला झाडाखाली दोर कापावा लागला. तू काय ओढत होतास मिलिंद? त्या वेढ्यांमधून काहीच जात नाही. मी खालून सगळ्या ताकदीनं ओढून पाहिलं."

म्हणजे माझ्या हातातला दोर आता फक्त त्या झाडापर्यंत जात होता.

किनाऱ्यावर जायला हवं होतं. दोर बोटीच्या कडीला बांधलेला, म्हणून तो सोडायला मी हातात घेतला. आणि खालून एक हिसका आला.

मी काही विचारलेलं नव्हतं. आधी हिसका येतो तेव्हा तो प्रश्न असतो. कसं वाटतंय?

ताण आणि हिसका यांतला फरक मला कळतो. बोट वाऱ्यानं सरकली की दोर हळूहळू घट्ट होतो. हा हिसका होता. माझी मूठ पुढे गेलेली रूबेननं पाहिली. छाती दाबता दाबता तो थांबला. माझं डोकं चालत नव्हतं, पण हात शिकवलेला होता, विचारल्यावर उत्तर द्यायचं. माझा हात उत्तर द्यायला वळतच होता, तेवढ्यात रूबेन ओरडला, "देऊ नकोस!" त्यानं कमरेची सुरी काढून माझ्या बोटांजवळ दोर कापला. दोर पाण्यात सरसर गेला. तरंगला नाही. आमचा दोर तरंगणारा होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. बहुधा खाली गेल्यावर पहिल्या काही मिनिटांतच, नक्की सांगता येत नाही. सिलिंडरमध्ये हवा अर्ध्याहून जास्त शिल्लक होती, रेग्युलेटर व्यवस्थित चालत होता. मी विचारलं, हार्ट अटॅकमध्ये माणसाला हवा कमी पडतेय असं वाटतं का? डॉक्टर म्हणाले, हो, अगदी तसंच वाटतं.

बाकीचे हिसके कोणी दिले हे लोक विचारतात. रूबेन आणि मी सोडून ज्यांना हे माहीत आहे असे दोन-तीनच जण आहेत, ते सगळे हेच विचारतात. खरं सांगतो, मला त्याचं फारसं पडलेलं नाही. मला फक्त सहाव्या मिनिटाचे दोन हिसके कोणाचे ते कळायला हवंय. दोर तोवर झाडाला गुंडाळला गेला असेल, तर ते दोनही गेनाचे नव्हते, बाकीचे जिथून आले तिथूनच आले. मग मी सुटलो. आणि तोवर दोर मोकळा असेल, तर माझ्या मित्रानं मला हाक मारली होती आणि ओढलं असतं तर एका मिनिटात तो बोटीत आला असता. मी रूबेनला किती वेळा विचारलं असेल, वेढे कधीचे वाटत होते? तो म्हणतो, अरे यार, दोर बघून कोणाला वेळ सांगता येते का?

करंट नव्हता, धरणाचं पाणी थांबलेलं होतं. मासा म्हणाल तर मासा मोजून एकच हिसका देत नाही. सर्दीनं माझं डोकं जड होतं, पण रूबेनच्या डोळ्यांना सर्दी नव्हती. माझ्याकडे याचं उत्तर नाही. वडिलांकडेही नसतं, पण ते निदान शांतपणे "मला माहीत नाही" म्हणाले असते. मला तेही जमलेलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी नीनाच्या स्वयंपाकघरात तिनं मला एकच विचारलं होतं. "त्यानं बोलावलं का?"

मी म्हणालो, "नाही. शेवटपर्यंत ठीक आहे म्हणत होता."

तिनं माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. पुढे दर वर्षी त्याच्या आठवणीला आम्ही जमलो की ती टेबलाशी उभी राहून सगळ्यांना हेच सांगायची. माझा गेना घाबरला नाही, शेवटपर्यंत ठीक आहे म्हणाला, मिलिंतला विचारा. सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचो. अनेक वर्षं हलवली. शेवटी मला ते सहन होईना.

मागच्या हिवाळ्यात मी तिला फोन केला. ती आता ऐंशीच्या घरात आहे. सगळं सांगितलं. दोन हिसके, त्यांचा अर्थ, आमचा जोक, झाडाचे वेढे, सगळं. मी म्हणालो, कदाचित ते त्याचे नव्हतेच नीना, दोर आधीच गुंडाळलेला असेल.

"दोन आले," ती सावकाश म्हणाली. "मग तू काय केलंस?"

मी म्हणालो, "हसलो."

मग तिनं हळूच फोन ठेवला. त्यानंतर मी अनेकदा रिंग दिली, पण तिनं माझा फोन उचललेला नाही.