मोठ्याने लिहिणाऱ्या जाऊबाई

२८ तारीख, रविवार. सुकट निवडायला घेतली होती, ती बाजूला ठेवून हे लिहिते आहे.

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकं मोठ्याने लिहिणारं माणूस अख्ख्या लालबागेत सापडणार नाही. लिहिणारे लोक शांतता शोधतात, जाऊबाई मात्र बसमधली खिडकीची सीट शोधत. रे रोडला लाकडाच्या वखारीच्या ऑफिसात त्यांची नोकरी. रोज सकाळी बसमध्ये मोबाइल तोंडासमोर धरून त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. म्हणजे त्या बोलायच्या, टाइप मोबाइल करायचा. पुस्तक त्यांच्या आईवर. आईने गिरणी कामगारांसाठी खाणावळ चालवली होती.

विरामचिन्हंसुद्धा बोलून सांगावी लागत, आणि ती सवय घरात शिरली. भाजीवाल्याला म्हणत, "ही भेंडी जून आहे, पूर्णविराम." शेवटी भावोजीही स्वयंपाकघराच्या दारातून विचारू लागले, "चहा मिळेल का, प्रश्नचिन्ह."

बसमध्ये तर मोबाइल सगळ्यांचंच ऐकायचा. कंडक्टर म्हणे, "मावशी, कालवण जरा उतरवून ठेवा, तिकीट घ्या." मागच्या सीटवरची नर्स मसाल्यांच्या सूचना करी. एकदा मी वाचायला घेतलं, तर लिहिलेलं असं : 'आई पहाटे चुलीपाशी बसे पुढे सरका जागा आहे आणि बांगडे साफ करी काकू तिरफळं राहिली.'

"हे मधलं काढून टाका," मी म्हटलं.

"कशाक गो? खाणावळीत गप बसून कोण जेवलो होतो?"

गेल्या महिन्यात त्या रिटायर झाल्या. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, आईने खाणावळ बंद केली त्या दिवसाचं. मी म्हटलं, आता वेळच वेळ आहे. आतली खोली रिकामी केली, टीव्ही बंद केला, कुकरसुद्धा लावला नाही. बराच वेळ आवाज नाही, म्हणून दार ढकलून पाहिलं. जाऊबाई पलंगावर ताठ बसलेल्या, मोबाइलवर एकच शब्द : आई.

"काय झालं?"

"भिंतीला काय सांगू? कोणी ऐकणारं नको?"

तेव्हापासून पुस्तक तिथेच अडलं होतं. गेल्या रविवारी साडीची घडी घालता घालता म्हणाल्या, "पुस्तकात आई अजून चुलीपाशीच बसलीय गो. दमली असेल. तिला उठवायला हवं." मी म्हटलं, "जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मी स्वयंपाक लवकर उरकला, त्यांना साडी बदलायला लावली आणि नेहमीच्या बसमध्ये नेऊन बसवलं. शेजारी मी. कंडक्टरने विचारलं, "मावशी, होतात कुठे? खाणावळीचं काय झालं पुढे?" काळाचौकीला त्या सावरून बसल्या. मग पर्समधून मोबाइल काढला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "त्या दिवशी जेवायला चारच माणसं आली." पुढच्या सीटवरच्या दोघी मागे वळून बसल्या. नर्सने कानातले इअरफोन काढून ठेवले.

रे रोड आलं तेव्हा आई शेवटच्या पंगतीला भात वाढत होती. आम्ही उतरलो. तिथे आमचं काहीच काम नव्हतं. रस्ता ओलांडला आणि परतीच्या बसच्या स्टॉपवर जाऊन उभ्या राहिलो.