बाई म्हणाल्या, हात लावायचा नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. माझ्यासारख्यानं असं म्हणावं म्हणजे नवलच, कारण माझी एकही फजिती माझ्या पोटात आठ दिवस टिकलेली नाही. म्हशीचं इंजेक्शन स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं, ते सिरसाळ्याच्या बाजारात टपरीसमोर उभं राहून करून दाखवलंय. भलत्याच मांडवात आहेर देऊन जेवून आलो, तेही. माणसं हसतात, मला बरं वाटतं. ही गोष्ट मात्र—हिच्यावर कुणी हसणार नाही, म्हणून सांगितली नाही असं म्हणू? नाही. तेवढं सरळ नाही ते.

मी जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होतो. सरकारी शब्द आहे. काम काय, तर जखमा धुवायच्या आणि मलमपट्टी करायची. उभी नोकरी तेच केलं. गाव मला डॉक्टर म्हणतं. मी कधी दुरुस्त केलं नाही. धनगरांच्या मेंढरांच्या जखमांतले किडे चिमट्यानं वेचलेत, चिमटा सापडला नाही तर बोटांनी. आणि घरी येऊन, हात धुऊन, त्याच बोटांनी भाकरी मोडली आहे. कधी काही वाटलं नाही.

माझी बायको कौसल्या. तिला स्तनाचा कॅन्सर झाला. उजवीकडचं काढलं, मग केमो, मग शेक—म्हणजे किरणांचा उपचार, पण आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. शेक संपला तो दिवस दिवाळीनंतरचा. ती आत पडून होती, दमलेली. कॅन्सरच्या दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला बाहेर बोलावलं. तरुण होत्या, घाईत होत्या, तरी नीट सांगितलं. भाजल्यासारखी झालेली कातडी निवली, की साधं खोबरेल घ्यायचं, व्रणावर बोटांनी गोल गोल दाबायचं. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. थंडीत कातडी सुकते, आवळते, तेव्हा तर चुकवायचंच नाही. नाहीतर व्रण खाली चिकटतो आणि हात वर जात नाही. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायामही रोज. माझ्या तळहातावर दाबून दाखवलं त्यांनी. कागदही दिला.

तो कागद मी एसटीत सीटखाली सरकवला.

का? सांगतो. थांबा जरा.

ऑपरेशननंतर पहिली पट्टी बदलली तेव्हा मी समोर होतो. कौसल्यानं माझ्याकडे पाहिलं—स्वतःच्या छातीकडे नाही, माझ्याकडे. आणि मी म्हणालो, पाणी घेऊन येतो. पाणी तिच्या उशाशीच होतं. काय वाटलं मला? भीती, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. किळस होती. मेंढराची न वाटलेली किळस मला माझ्या बायकोची वाटली. लिहून टाकलं.

एसटीत तिनं विचारलं, "काय म्हणत हुत्या बाई?"

मी म्हणालो, "हात लावायचा नाही म्हणाल्या. व्रणाला अजिबात हात लावायचा नाही. ताणायचंही नाही. वर्षभर."

तूच लाव, असं म्हणता आलं असतं. डावा हात चांगला होता तिचा. पण मग तिनं विचारलं असतं, तुमी कावून न्हाई? त्या एका प्रश्नाला भिऊन मी तिचाही हात बांधून टाकला. आणि तिनं का विश्वास ठेवू नये? गावाचा डॉक्टर सांगत होता.

पुढचं माझं नाटक बघण्यासारखं होतं. मऊ सुती पोलकी शिवून आणली. साबण बिनवासाचा. अंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघायचो, जास्त कढत नको म्हणून. परळीकडून वारा सुटला की तिथल्या वीजकेंद्राच्या राखेनं तिचं अंग खाजेल म्हणून खिडक्या लावत फिरायचो. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना म्हणायच्या, "बगा, डॉक्टर कसं करत्यात बायकूचं!" मी मान खाली घालून ऐकायचो. लाजल्यासारखा. ती खरी लाज नव्हती हो, खरी पुढं आहे.

त्या थंडीत तिची कातडी फार सुकली. एकदा तीच म्हणाली, "लई आवळतंय आतून. काईतरी लावायला आणा की." मी आणलं. काय आणलं? गायीच्या सडांना भेगा पडतात, त्याचा मलम. तिनं ट्यूब उजेडात धरली.

"आवं, ह्येच्यावर गाय हाय!"

"चुकून आणली."

"मी काय दावणीला बांदलीय का?" आणि हसली. आजारानंतर पहिल्यांदा हसली, पोट धरून. मग ट्यूब तशीच माझ्याकडं करून म्हणाली, "बरं, आणलीय तर लावा. गाय तर गाय."

ट्यूब हातात होती माझ्या. मी काय केलं? हंबरून दाखवलं. तिला आणखी हसवलं, आणि हसता हसता बाहेर निघून गेलो. दुसऱ्या दिवशी टपरीवर गायीच्या ट्यूबचा किस्सा रंगवला. मित्र म्हणाला, "लई भारी बे तू!" तो किस्सा अजून चालतो. ती 'लावा' म्हणाली होती, तेवढं मी त्यातून गाळतो.

उन्हाळ्यात तपासणीला गेलो. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला. तो खांद्याच्याही वर गेला नाही. बोटांनी व्रण हलवून पाहिला, हलेना. "मालिश करत नव्हता का?"

कौसल्या म्हणाली, "न्हाई. बाईंनी हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलं हुतं."

बाईंना बोलावलं. आमच्यासमोर विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, मी यांना सगळं सांगितलं होतं, दाखवलं होतं." आणि माझ्याकडे पाहिलं. खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं. तेव्हाही वेळ गेलेली नव्हती.

मी म्हणालो, "आम्हाला तर तसंच सांगितलं."

त्या पोरीला आमच्यासमोर बोलणी खावी लागली. तिचे कान लाल झाले.

डॉक्टरांनी सांगितलं, आता सुरू करा, थोडा मोकळा होईल, पूर्ण नाही. थोडा झाला. कौसल्या केस विंचरताना मान खाली वाकवते, हात तिथवर जात नाही म्हणून. तेल ती स्वतःच लावते, दार लावून. एकदा मी दारापाशी घोटाळलो, मी लावू का म्हणालो. आतून म्हणाली, "राहू द्या. तुमाला बगवत न्हाई, म्हाईत हाय मला." राग नव्हता आवाजात. माझ्यातलं वाईटात वाईट आपल्याला कळलंय आणि आपण ते पोटात घातलंय, असं तिला वाटतं. मी दाराच्या अलीकडे उभा होतो. घरात दोनच माणसं आम्ही, आणि मधे ते दार.

गेल्या आठवड्यात परळीहून एक मास्तरीणबाई आल्या होत्या. त्यांचंही नुकतंच तसलंच ऑपरेशन झालंय, त्याच दवाखान्यात शेक घ्यायला जायचंय. कुणीतरी कौसल्याचं नाव सांगितलं, म्हणून विचारायला आल्या. कौसल्यानं सगळं सांगितलं—पोलकं कसलं, साबण कुठला, उन्हात पदर कसा घ्यायचा. मग त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आन् एक ध्यानात ठिवा, ताई. तितल्या त्या व्यायामाच्या बाईचं काईबी ऐकू नगा. माजा हात तिनंच घालवला."

त्यांनी मान डोलावली. मी चहाचे कप उचलत होतो.

रस्त्यापर्यंत सोडायला मीच गेलो. रिक्षाला बराच वेळ लागला. दोघंच उभे होतो. मी बोललो—यंदा ऊन लवकर लागलं, परळीचा रस्ता किती खराब झालाय. रिक्षा आली. सावकाश जा, म्हणालो.

त्यांचा नंबर कौसल्याच्या फोनमध्ये आहे. फोन आता इथं टेबलावर आहे. त्यांचा शेक सोमवारी सुरू झाला. आज शुक्रवार. मी अजून फोन केलेला नाही.