अळ्यांची सुकडी

मखमलाबादचा सावळीराम कॉलेजात माशा सांभाळतो, हे ऐकलं की पाहुणे आधी आपला चहाचा कप झाकायचे. "घरातल्या नाय हो, फळावरच्या बारीक माशा," तो समजवायचा. उपयोग शून्य. पुतणीच्या सोयरिकीच्या बैठकीत तर भावाने त्याला तोंडच उघडू दिलं नाही.

गोष्ट २००४ सालची. सावळीराम प्रयोगशाळेत मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून बाटल्यांत ओतायचा. माशा त्यावर अंडी घालायच्या, अळ्या तेच खाऊन वाढायच्या. त्यांच्यावर तृप्ती मॅडमची पीएचडी चालली होती. बाटल्या दोन तऱ्हेच्या. चौकटी आखलेल्या बशीत सोडून अळी किती चौकटी ओलांडते ते मॅडम मोजायच्या. एकीतल्या अळ्या भराभरा सरपटत सुटायच्या, दुसरीतल्या तिथल्या तिथे कुथत बसायच्या.

"या मंद अळ्यांच्यात एक प्रोटीन नाही, काका," मॅडमनी सांगितलं होतं. "नस जिथे स्नायूला भेटते, तिथली जोडणी ते बसवतं. जोडणीच ढिली, म्हणून चालायचा निरोप नीट पोचत नाही."

एवढ्या व्याख्यानातलं 'प्रोटीन नाही' तेवढंच सावळीरामने घरी नेलं. बायको नवसाबाई अंगणवाडीत मदतनीस, अशक्त पोरांना सुकडी चारण्यात हयात गेलेली. ती कडाडली, "अन् तुमी त्यांना नुसता मका-गूळ घालता? जिवाला काय वाटत नाय का?"

त्याला खरंच लाज वाटली. गहू, डाळं, शेंगदाणे भाजून कुटलेली सुकडी दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डब्यातून यायला लागली, आणि मॅडमना पत्ता लागू न देता दुबळ्या अळ्यांच्या खाण्यात पडायला लागली. त्या एकदा तरी चालाव्यात, एवढाच त्याचा हट्ट होता. महिन्याभरात अळ्यांच्या दोन-तीन पिढ्या सुकडीवर पोसल्या. गुबगुबीत झाल्या, पण बसल्या जागच्या हलेनात.

तेवढ्यात पुण्याहून मॅडमचे मार्गदर्शक सर आले. बाटली उजेडात धरून म्हणाले, "या एवढ्या धष्टपुष्ट कशा?"

सावळीरामला खोटं बोलता येत नसे. "सुकडी हाय, सर."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "काका! महिन्याची मोजणी पाण्यात घातलीत!"

सर मात्र पोट धरून हसले. "अगं, या उपासमारीने तर मंद नाहीत ना, हे मी आज विचारणारच होतो. आता दोन्हीकडे सुकडी घाल आणि पुन्हा मोज."

मोजलं. धडधाकट अळ्या पळाल्या, दुबळ्या होत्या तिथेच राहिल्या. उपासमारीचा संशय मिटला, आणि मॅडमनी आनंदाने पेढे वाटले.

"म्हंजे खाऊन त्या चालायच्याच नाय?" सावळीरामने विचारलं.

"नाही काका. खाल्लेलं पोटात पचून जातं. हे प्रोटीन त्यांच्या अंगानेच तयार करायचं असतं, आणि ते कसं करायचं तेच त्यांना ठाऊक नाही."

सावळीरामला फार वाईट वाटलं. पेढा हातातच राहिला.

"आता घरी कसं सांगू, मॅडम?" तो म्हणाला. "आमच्या मंडळीनं आजपासून सुकडीत तूप घालायला घेतलंय."