चौलच्या वाडीतली दोन सारख्या चड्ड्या

माझा मुलगा चार वर्षांचा झाला तेव्हा मला पहिल्यांदा त्याच्या स्वच्छतेचा संशय आला.

मी मांडव्याच्या जेटीवर तिकीट खिडकीत काम करते. सकाळच्या एसटीने चौलहून निघते, ती परतायला दिवेलागण होते. दिवसभर मुलगा माझ्या बाबांजवळ. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला त्यांनीच वाढवलं. पाय न धुता ओटीवर चढले तर ते नुसते बघायचे, आणि मी उलट्या पावली न्हाणीकडे पळायचे. त्यामुळे नातू त्यांच्याकडे नीटनेटका राहील, याची मला खात्री होती.

पण तो जरा जास्तच नीटनेटका राहू लागला. संध्याकाळी केसांना साबणाचा वास. अंघोळ तर मी सकाळीच घातलेली असायची.

"आज काय केलंस रे?"

तो आधी आजोबांकडे बघायचा. मग म्हणायचा, "काय न्हाय. टीव्ही बघितला." शब्द बाबांचे, सूरही त्यांचाच.

चार वर्षांचं पोर उत्तर देण्याआधी कुणाच्या तरी तोंडाकडे बघतं, हे मला खटकलं. नको नको ते मनात आलं. बाबांना चक्कर येते का? हा विहिरीजवळ पडला होता का? बाबांना विचारलं, तर ते पेपर वर धरून म्हणाले, "तुझं आपलं काहीतरीच."

एकदा त्याचे कपडे बदलताना निळ्या चड्डीच्या बटणाकडे लक्ष गेलं. ते मी पांढऱ्या दोऱ्याने शिवलं होतं. आता दोरा निळा होता. कपाटामागच्या पिशवीत मी बटण शिवलेली चड्डी सापडली, ओलसर. म्हणजे बाबांनी हुबेहूब दुसरी आणली होती. मी पिशवी होती तशी परत ठेवली.

दोन-चार दिवसांनी वारा सुटला आणि दुपारच्या बोटी रद्द झाल्या. मी लवकर घरी आले. दार नुसतं लोटलेलं, टीव्ही बंद. मागच्या वाडीतून आवाज येत होता. चपला हातात घेऊन मी तिकडे गेले.

सुपारीच्या झाडांना पाणी देतात त्या पाटात माझा मुलगा बसला होता. अंगभर चिखल, फक्त दात पांढरे. आणि बाबा, लेंगा मांडीपर्यंत खोचून, गुडघ्यावर बसून बांध थापत होते.

"आजोबा, फुटला!"

"फुटू दे. माती आण, बिगी बिगी!"

मला बघून मुलाने आधी आजोबांकडे बघितलं. बाबा हात मागे लपवायला लागले.

"हे कधीपासून?"

"होळीपासून," बाबा म्हणाले. "तुला आवडणार न्हाय, वाटलं."

हसू यायच्या आधी मला रडू आलं. "मला कधी खेळू दिलंत असं?"

त्यांनी हाताचा चिखल लेंग्याला पुसला. "तेव्हा नळ न्हवता गं. ड्युटीवरून आलो की तुझे कपडे विहिरीवर मीच धुवायचो. तू स्वच्छ राहिलीस की माझं एक काम कमी व्हायचं. बाकी काय न्हाय."

आईमागे कपडे कोण धूत होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"चिखल खेळा," मी म्हणाले, "पण बाबा, त्याला माझ्याशी खोटं बोलायला लावू नका. मी किती घाबरले होते."

त्यांनी मान हलवली. "चुकलंच ते."

त्या संध्याकाळी जेवताना मुलाचं तोंड थांबेना. आपण केवढा बांध घातला, तो आजोबांनी कसा फोडला. बाबा घास तसाच हातात धरून म्हणाले, "मी न्हाय फोडला, खेकड्याने फोडला." खेकडा कुठे होता, यावर दोघांचं जोरात भांडण जुंपलं, आणि मी दोघांना भात वाढत राहिले.