डावीकडचा शॉकअप

सगळ्यात आधी इस्तारीभाऊंचं नाव लिहितो, मग काय झालं ते. भंडाऱ्याजवळ कारध्याला नदीवरचा पूल उतरल्यावर त्यांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. ते नसते तर आज मी इथे कामावर नसतो.

मी नववीत शाळा सोडली, लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. मूळचा जतकडचा. वर्षभर झालं, भंडाऱ्यात खोली घेऊन राहतो. एका कंत्राटदारासाठी गावोगावच्या नळाच्या पाण्याचे नमुने गोळा करतो. चारच्या आत बाटल्या लॅबला पोचल्या नाहीत तर नमुना वाया. तुमच्या या सदरातले वाचकांचे भुताखेताचे अनुभव मी जेवताना मोबाईलवर वाचायचो आणि म्हणायचो — लोकांना कामं नाहीत वाटतं. आताही मी तसलं काही सांगायला बसलेलो नाही. माझी तक्रार साधी होती. माझ्या मोटारसायकलचा मागचा शॉकअप, हादरे खाणारा, गळत होता.

डावीकडचा. तेल रॉडवरून चाकावर यायचं, ब्रेक मारला की गाडी सरकायची. इस्तारीभाऊंनी तेल अडवणारं सील बदललं. आठवड्याने परत तेल. रॉडला खड्डे असतील म्हणून रॉड घासून चकचकीत केला, पुन्हा नवीन सील. परत तेल... मग त्यांनी डावा शॉकअप उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. दोष शॉकअपचा असेल तर गळती बाजू बदलेल. कसली बदलते! चांगला होता तोच डावीकडे आल्यावर गळायला लागला. बुश पाहिले, मागचं चाक धरणारा चिमटा सरळ आहे का ते दोरी लावून पाहिलं. शेवटी दोन्ही नवीन टाकले. पुढच्या गुरुवारी डावीकडे तेल. दर वेळी गुरुवारच.

गॅरेजच्या खेपांमुळे दोनदा लॅबला उशीर झाला. सुपरवायझर म्हणाला, तिसऱ्यांदा झाला तर गावाकडे निघ. धाकट्या बहिणीची शाळा माझ्या पगारावर चालते. रात्र रात्र झोप नाही. आणि इकडे भाऊ रॉडवर बोट फिरवून विचारतात,

"मांगं बाई बसते का रे तुह्या?"

"कोणती बाई?"

"ते मले काय माहीत. पन एका अंगानं बसते, दोन्ही पाय डावीकडं सोडून. हे पाह्य, एकाच बाजूनं घासलं."

"भाऊ, मी एकटा फिरतो. बाटल्यांची पिशवीसुद्धा पुढे टाकीवर असते."

"लपवते कायले? मी का तुह्या मायले फोन लावून राहिलो?"

इतका वैताग आला की मी म्हटलं, या गुरुवारी गॅरेज बंद ठेवा आणि माझ्या मागे या, बघा कोण बसतं ते. मला वाटलं हसतील. ते खरंच आपली मोपेड घेऊन आले.

गुरुवारी माझा शेवटचा नळ गोसीखुर्द धरणाच्या पाण्याच्या काठाला असतो. मासे धरणाऱ्यांच्या दोन झोपड्या, एक नळ, आणि पुढे जुना डांबरी रस्ता सरळ पाण्यात गेलेला. तिकडचं गाव धरणात गेलं, लोक अलीकडच्या पुनर्वसन वसाहतीत राहतात. दुपारचे अडीच, ऊन रखरखीत. मी बाटली भरली, झाकण लावलं, नेहमीसारखं म्हटलं "चला", आणि किक मारली.

पुनर्वसनाच्या चौकात भाऊंनी मोपेड आडवी घातली.

"तू तिथं कोनाले म्हटलं, चला?"

"कोणाला नाही. सवय आहे. काम झालं की माणूस म्हणतो ना, चला."

"दर खेपेले म्हनते?"

"हो."

ते सीटकडे बघत राहिले. "तू चला म्हटलं अन् सीट दबली. डावीकडून. मी मांगंच होतो." मग माझ्यावरच चिडले. "चला म्हनते, पन उतरा कधी म्हटलं काय? कोनी सांगितल्याबिगर बाईमानूस कसं उतरन गा?"

मी घड्याळ बघत होतो. भर चौकात हे काय, लॅब राहिली बाजूला... पण भाऊंनी टोपी काढली, रिकाम्या सीटसमोर उभे राहिले आणि हळू म्हणाले, "उतर वो माय. आपलं गाव आलं."

मी गाडीवरच बसलेलो होतो. मागची बाजू माझ्याखाली वर आली. स्प्रिंग कचकन वाजली. बस, एवढंच. भाऊंनी फडक्याने रॉड पुसला आणि म्हणाले, "जाय आता, उशीर होते." त्यांचंही घर त्याच पाण्याखाली गेलंय, हे मला त्या दिवशी त्यांच्या "आपलं" म्हणण्यावरून कळलं.

चारला दहा कमी असताना बाटल्या लॅबला दिल्या. त्यानंतर एक थेंब तेल नाही. नोकरी राहिली. काठावरून निघताना मी आता तोंड बंद ठेवतो.

दर आठवड्याला मी तिला भंडाऱ्यापर्यंत आणत असेन, तर ती परत त्या काठावर जायची कशी? भाऊंना विचारलं. म्हणाले, "गाडी ठीक झाली ना? मंग." रस्त्याचा उतार, सीटचा फोम, नवीन स्प्रिंग बसायला वेळ लागतो... मी सगळं लावून पाहिलं. एकही बसत नाही.

मजुरी भाऊंनी घेतली, पण त्याने काही फिटत नाही. एकदा त्यांना आमच्या गावाला न्यायचंय. तिकडे पाण्याची बोंब आहे, पण घर जागच्या जागी आहे. आईला सांगून ठेवलंय. नेणार म्हणजे नेणार.